रूट कॅनल झालं, कॅपचं काय?

दुखणं थांबलं की कॅप 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून राहून जाते. मीही तेच केलं. नाशिकात रविवार म्हणजे मिसळ. सोबतचा पापड मोडताना कट्ट झालं आणि दाढेचा एक कोपरा थेट जिभेवर! नशीब, तडा मुळापर्यंत गेला नव्हता.

कीड आणि कोरणं यांत दाढेचा बराच भाग गेलेला असतो, उरतात त्या पातळ भिंती. वरचं तात्पुरतं सिमेंटही काही आठवड्यांचंच. ते झिजलं की लाळेतले जंतू पुन्हा आत. म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. तोवर चिवडा, चिक्की, शेंगदाणे दुसऱ्या बाजूने.

पहिल्या दिवशी बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, गाल चावला गेला तरी कळत नाही. दोन-चार दिवस थोडं ठणकतंच. पण सूज वाढली, ताप आला किंवा दात मिटताना तीच दाढ आधी टेकतेय असं वाटलं, तर लगेच फोन करा.

आणि हो, नस काढलेली दाढ पुन्हा किडली तरी थंड-गरम झोंबत नाही. त्यामुळे कॅप बसल्यावरही हिरडीलगतच्या कडेवरून ब्रश रोज नीट फिरवायचा.