वाडीतला बदाम वेचताना: शरदातला सल्ला

नवरात्र सरलं, ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की गोराई, उत्तन, मढच्या वाड्यांत देशी बदामाखाली फळं पडायला लागतात. बहुतेकजण ती पाचोळ्याबरोबर झाडून जाळतात. तसं करू नका. वरचा धागेदार गर वाळला की आतल्या कवचात बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण गोड आणि तेलकट गर असतो.

वेचायला जाताना हातात काठी आणि पायात बूट हवेतच. पाऊस संपल्यावर घोणस, फुरसं पाचोळ्यात दबा धरून बसतात. आधी काठीनं पाचोळा हलवायचा, मग वाकायचं. वटवाघळानं किंवा खारीनं कुरतडलेलं, गटाराच्या कडेला पडलेलं फळ उचलू नका. काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं तिथेच टाका. बुरशीचं विष भाजल्यानंही पुरतं जात नाही.

घरी आणल्यावर धुऊन एका थरात उन्हात पसरा. संध्याकाळी झाकायला विसरू नका, रात्रीच्या दवानं दिवसभराचं वाळवण वाया जातं. चार दिवसांनी दोन फोडून बघा. गर वाकला तर अजून ऊन द्या, कट्कन मोडला तर झालं. फोडताना बदाम आडवा ठेवला तर गराचा चुरा होतो. कवचाला कडेनं धार असते. त्या धारेवर उभा धरायचा आणि वरच्या धारेवर दगडाचा एकच नेमका घाव घालायचा, म्हणजे दोन फाका होऊन गर अख्खा निघतो. साठवायचे तर कवचासकटच साठवा, सोललेला गर लवकर खवट होतो.

आता नावाचा घोळ. ‘जंगली बदाम’ म्हणून आणखी एक झाड मुंबईत रस्तोरस्ती आहे: फुलांना घाण वास, लाल लाकडी बोंडं, आत काळ्या बिया. त्या बिया कच्च्या खाल्ल्या तर जुलाब होतात. नाव ऐकून नव्हे, झाड बघून वेचा.

सगळ्यात जास्त सांभाळून राहायचं ते कुंपणाशी. तिथल्या मोगली एरंडाची बोंडंही याच दिवसांत पिवळी होऊन वाळतात. बी फोडलं की पांढरा गर, चवीला थेट शेंगदाणा. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका पोरानं मूठभर बिया खाल्ल्या आणि रात्रभर उलट्या-जुलाबांनी ते पोर पार गळून गेलं, सलाईन लावावं लागलं. असं झालं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. बी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. लहान मुलं असतील तिथे बोंडं वाळण्याआधीच छाटून टाका.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून मात्र काहीही वेचून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिथली फळं-बिया नेण्यास मनाई आहे, आणि त्या फळा-बियांवर जगणारं जंगल आधीच शहरानं चहूबाजूंनी वेढलंय.

वेचलेल्यातले दहा-बारा टपोरे बदाम रोपांसाठी बाजूला काढा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापुढे हे झाड तग धरतं, वाडीच्या पश्चिम कडेला आडोसा म्हणून लावायला याच्यासारखं दुसरं नाही. ताजेच, वाळवणात न घालता, पिशवीत आडवे अर्धे पुरा आणि माती ओलसर ठेवा. कोंब यायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात उकरून बघू नका.