कोरलशेजारी हिरवा लावताना या चुका टाळा

‘एक भिंत कोरल करायची आणि समोर हिरवं काहीतरी,’ एवढंच ठरवून लोक रंगाचे डबे आणतात. आठवड्याभरात तक्रार येते, की हॉलमध्ये डोळे शिणतात. दोष कोरलचा नसतो. हिरवा कोणता, किती आणि कशाशेजारी, याचा विचारच झालेला नसतो.

कोरल म्हणजे पोवळ्याचा रंग, नारिंगी आणि गुलाबी यांच्या मधला. रंगचक्रात त्याच्या बरोबर समोर मोरपंखीच्या आसपासचे रंग येतात. कोरल आणि हिरवा दोन्ही भडक आणि सारखेच गडद घेतले, की जिथे ते एकमेकांना भिडतात ती कड थरथरल्यासारखी दिसते. पोपटी सोफा आणि मागे कोरल भिंत हा त्याचा ठरलेला नमुना. हिरवा एकतर बाटलीसारखा गडद घ्या, नाहीतर सेज (राखाडीकडे झुकणारा फिका हिरवा), पिस्ता, शेवाळी असा मवाळ. मधला नको. खात्री करायला यंत्र लागत नाही: दोन्ही नमुने शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही एकाच राखाडी छटेत गेले, तर जोडी मोडा. हिरव्या पैठणीला लाल काठ खुपत नाही, कारण काठात सोनेरी जर असते. घरातही दोन रंगांच्या मध्ये इंचभर पितळी पट्टी किंवा दोन इंच मोतिया पांढरा सोडा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे जुन्या पोपटी भिंतीवर थेट कोरल मारणं. प्रकार नेहमी एकाच क्रमाने घडतो. पहिला हात सुकतो आणि भिंत विटकरी दिसते. ‘दुसऱ्या हाताने बसेल,’ असं पेंटर सांगतो. दुसऱ्या हातानंतरही ती मळकटच राहते. मग दुकानदारावर शेड चुकल्याचा आरोप, थोडी गडद शेड, आणि शेवटी हॉलमध्ये विटांचा रंग. शेड चुकलेलीच नसते. अशा चटक रंगांच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात शेड मिसळतात त्या मूळ रंगात, पांढरं रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे खालचं झाकायची ताकदही कमी. खालून हिरवा डोकावतो आणि दोन रंग एकमेकांना मारतात.

इथे घाई चालत नाही. भिंत १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्या. हिरव्याची झाक पूर्ण गेली, तरच कोरलचा डबा उघडा. कोरलचे हात तीन धरा. दोन हातांमध्ये चार ते सहा तास सोडा, पावसाळ्यात सरळ रात्रभर. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीला तीन हातांसाठी साधारण सव्वा लिटर इमल्शन लागतं. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. ‘थोडं सैल करू’ म्हणणाऱ्या पेंटरच्या हातून पाण्याचा मग काढून घ्यावा. पाव लिटर रंग शिल्लक ठेवा आणि झाकणावर शेडचा नंबर लिहा, पुढे डाग झाकायला उपयोगी पडतो.

शेडकार्डाचा बोटभर तुकडा पाहून निर्णय घेणाऱ्यांना काय सांगणार! भिंतीवर तोच रंग जास्त भडक वाटतो, म्हणून मनात असलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या. दोन बाय दोन फुटांच्या प्लायवर दोन हात मारा आणि तो तुकडा सकाळी, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर सोफ्याशेजारी धरून बघा. ६५०० केल्विनच्या (प्रकाश किती पिवळा किंवा पांढरा हे सांगणारा, दिव्याच्या खोक्यावरचा आकडा) पांढऱ्या ट्यूबखाली कोरल कॅलामाइन लोशनसारखा दिसतो. २७०० च्या पिवळ्या दिव्याखाली तो नारिंगीकडे झुकतो आणि सेज खाकी होतो. ३५०० ते ४००० चे दिवे दोघांनाही सांभाळून घेतात. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर असू द्या, स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो. दिवे बदलायचे असतील तर रंगाच्या आधी बदला.

साठ-तीस-दहाचं सूत्र (साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के उठावाचा) पाठ करणारे भिंती आणि पडदे मोजतात. फरशी, दारं आणि लॅमिनेट विसरतात. सागवानी लॅमिनेट मुळातच नारिंगी असतं. त्याला चिकटून कोरल आला, की दोन्ही मळके दिसतात.

कुंड्याही हिरव्यातच मोजा. मनीप्लांट आणि अरेका पाम असलेल्या खोलीत आणखी हिरवी भिंत कशाला?

पश्चिमेच्या खिडकीला कोरल पडदा नको, उन्हाने विटतो. लावायचाच असेल तर मागून जाड अस्तर द्या.

पत्रिका छापताना हिरव्यावर कोरल अक्षरं टाळा. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांना ती वाचणं कठीण जातं. शिवाय स्क्रीनवरचा चमकदार कोरल चार शाईंच्या छपाईत मंद उतरतो. आधी एक प्रत त्याच कागदावर काढून घ्या.