गायी सोडायच्या आधी गवत मोजा, मिथेनचं मग बघू

न्यूझीलंडला डेअरी फार्मवर कामाला आलेली आपल्याकडची पोरं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, गायींना वैरण कधी टाकायची? टाकायची नसते रे बाबा, गाय स्वतः चालत जाते वैरणीकडे. तुमचं काम म्हणजे आज कुठलं पॅडॉक (कुंपण घातलेला चराईचा तुकडा) उघडायचं ते ठरवणं, आणि ते चुकलं की दूध पण जातं आणि मिथेनचा, म्हणजे हवामान तापवणाऱ्या वायूचा, हिशोब पण बिघडतो.

मिथेन मागून नाही, जवळपास सगळा तोंडातून येतो, ढेकरातून. कोटीपोटात (गायीच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा) गवत आंबताना हायड्रोजन सुटतो आणि तिथलेच सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. २००३ ला इथल्या सरकारने यावरच्या संशोधनासाठी शेतकऱ्यांवर कर बसवायचं काढलं, लोकांनी त्याला थेट पादण्याचा टॅक्स म्हणून झोडपलं, एक खासदार तर ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढले :) कर गेला, नाव मात्र राहिलं, आणि ते नाव पण चुकीचंच.

डोक्यात एकच आकडा ठेवा. गाय जेवढा सुका चारा खाते (ड्राय मॅटर, म्हणजे पाणी सोडून उरलेलं) त्याच्या दर किलोला साधारण २१ ग्रॅम मिथेन. म्हणजे गाय खाणार तर मिथेन होणारच, आपल्या हातात काय आहे तर त्या घासातून दूध किती काढायचं ते.

आता गवत बघायला शिका. पॅडॉकमधे गुडघ्यावर बसा, रायग्रासचा (इथलं चराईचं नेहमीचं गवत) एक फुटवा बुडातून उपटा आणि पानं मोजा. ज्याचा शेंडा मागच्या वेळी गायीने तोडलाय ते धरायचं नाही, त्यानंतर आलेलीच धरायची. रायग्रासला एका वेळी तीनच जिवंत पानं असतात, चौथं निघालं की पहिलं सुकायला लागतं. म्हणून अडीच ते तीन पानावर गायी सोडायच्या. दोन पानांच्या आत सोडल्या तर मुळाशी साठा झालेला नसतो आणि पुढची फूट मार खाते. वसंतात हे वीस-पंचवीस दिवसात होतं, हिवाळ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात, त्यामुळे कॅलेंडर बघून गेट उघडू नका.

मग प्लेट मीटर, म्हणजे गवत मोजायचं साधन. काठीला खाली थाळी, चालताना टेकवत जायचं, टक टक, गवत जेवढं उंच तेवढे क्लिक जास्त. सरासरी क्लिक गुणिले १४० अधिक ५००, हे हेक्टरी किलो ड्राय मॅटर. गेटजवळ आणि पाण्याच्या टाकीजवळच टेकवून परत येऊ नका, मी सुरुवातीला तेच करायचो आणि आकडा रोज खोटा यायचा. साधारण २८०० ला सोडायचं आणि १५०० ला बाहेर काढायचं. तीन हेक्टरचं पॅडॉक असेल तर १३०० गुणिले ३ म्हणजे ३९०० किलो, गायीला दिवसाला १६ किलो धरलं तर २४० गायींचा एक दिवस निघतो.

माझी खरी चूक नोव्हेंबरात झाली, इथे तेव्हा वसंत संपत असतो. गवत भरपूर दिसतंय म्हणून खूश होतो, तुरे आलेले, खाली काड्याच काड्या, तरी सोडल्या गायी. वरवर चरल्या, निम्मं तुडवलं, आणि दोन दिवसात टँकमधलं दूध खाली. आता बघा, समजा चांगल्या गवतावर गाय १६ किलो खाऊन २० लिटर देते, तर मिथेन ३३६ ग्रॅम, लिटरला १७ च्या आसपास. काडीवर ती १३ किलोच खाते आणि १४ लिटर देते, मिथेन २७३ ग्रॅम, म्हणजे लिटरला साडेएकोणीस. एकूण मिथेन कमी झाला की! पण तुम्ही तेवढंच दूध काढायला आणखी गायी पाळणार, तिथे गणित उलटं फिरतं. आपल्याकडे कडब्यावर तीन लिटर देणाऱ्या गायीचं हेच होतं.

तर असं वाढून गेलेलं पॅडॉक गायींना द्यायचंच नाही, तुरे यायच्या आधीच चराईच्या फेरीतून काढा आणि कापून मुरघास करा. क्लोव्हर (गवतात उगवणारं तीन पानी द्विदल) दिसत असेल तर जपा, पचायला हलकं असतं आणि हवेतला नायट्रोजन धरतं म्हणून युरिया कमी लागतो. खाद्यात मिसळायची मिथेन कमी करणारी औषधं गोठ्यात बांधलेल्या गायीला ठीक, तिच्या प्रत्येक घासात जातात, पण दिवसभर चरणाऱ्या गायीला दोन धारांच्या वेळी चिमूटभर देऊन मधल्या वेळेचं काय करणार?

एकूण मिथेन खरंच उतरवायचा असेल तर गाभण न राहिलेल्या गायी हिवाळ्याआधी काढा, त्या दूध न देता हिवाळाभर चरतात आणि ढेकर देत बसतात. मालकाला हे सांगताना आकडे वहीत लिहून न्या, नुसतं तोंडी सांगितलं की तो पण गेटजवळचंच गवत दाखवतो.