लिहिणं अडतंय? शंकेच्या दिवसांत या चुका टाळा

माझ्याकडे एका कादंबरीची फाइल आहे. तिचं पहिलं पान मी चाळीसेक वेळा लिहिलं असेन, अकरावं एकदाही नाही. ‘दार उघडलं. आत कोणी नव्हतं.’ याचं आधी ‘दार उघडंच होतं’ झालं, मग ‘दार कुणीतरी उघडं टाकलं होतं’ झालं आणि तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा ‘दार उघडलं’वर आली. आपल्यात दमच नाही, असं तेव्हा वाटायचं. खरी भानगड एवढीच होती की रोज बसलो की मी पहिल्या ओळीपासून वाचत यायचो आणि दारातच अडकायचो.

हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि दुरुस्तीला सगळ्यात सोपा आहे. काल जिथे थांबलात त्याच्या आधीचा एकच परिच्छेद वाचा आणि पुढे लिहा. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे तर पुढे काय घडणार हे माहीत असतानाच दिवसाचं काम थांबवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाशी झटापट नको. सुरुवात नंतर बघता येते. विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ची सुरुवात मूळ हस्तलिखितात अणुयुद्धाच्या वर्णनाने होती. अनेक प्रकाशकांनी ते हस्तलिखित परत केलं होतं. शेवटी ज्या प्रकाशनाने घेतलं, तिथेही हस्तलिखितं वाचून मत देणाऱ्या वाचकाने आधी नकाराचाच शेरा मारला होता. एका नव्या संपादकाने ते नाकारलेल्या गठ्ठ्यातून उचललं आणि पहिली सुचवणी काय, तर ही सुरुवात काढा. गोल्डिंगने काढली. पुस्तक 1954 मध्ये आलं.

दुसरी चूक म्हणजे शंका गेली की लिहू, असं म्हणत बसणं. ती जात नाही. जॉन स्टाइनबेक 1938 मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहीत होता, तेव्हा कामाला बसण्याआधी रोजनिशी लिहायचा. आपण लेखक नाहीच, स्वतःलाही फसवतोय आणि लोकांनाही, असली वाक्यं तिच्यात आहेत. ती लिहायची आणि मग दिवसाचा ठरलेला मजकूर पुरा करायचा. पाचेक महिन्यांत खर्डा झाला, पुढच्या वर्षी कादंबरी छापून आली, 1940 मध्ये तिला पुलित्झर मिळालं. पुरस्कार सोडून द्या, तो प्रत्येकाला थोडाच मिळतो. घेण्यासारखी आहे ती वही. शंकेला वेगळी वही द्या, तिला मूळ खर्ड्यात शिरू देऊ नका.

आता ‘साभार परत’. इथे नवखेच काय, मुरलेलेही घसरतात. माझी एक कथा दोन ओळींच्या पत्रासह परत आली होती: ‘कथा आवडली. शेवट पटला नाही.’ महिनाभर मला ‘पटला नाही’ एवढंच दिसत होतं. ‘आवडली’ हा शब्द नीट दिसायला वर्ष गेलं! नकारामागे जागा नसणं, तशाच विषयाचं दुसरं काही आधीच घेतलेलं असणं, लांबी न बसणं, अशी कितीतरी कारणं असतात आणि बहुतेक पत्रांत त्यांतलं एकही लिहिलेलं नसतं. कोऱ्या छापील नकारातून अर्थ काढत बसू नका. एक तक्ता ठेवा: कुठे पाठवलं, कधी, उत्तर काय आलं. ठरावीक साच्याचा नकार असेल तर त्याच आठवड्यात पुढच्या ठिकाणी पाठवा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर मात्र मुकाट्याने फाइल उघडा. तोवर एकाच्या मतावरून अख्खी कथा उसवण्यात अर्थ नाही.

कच्चा खर्डा घरी दाखवून ‘कसं वाटलं?’ विचारणं हीही चूकच. ‘छान आहे’ म्हणाले तर विश्वास बसत नाही आणि गप्प राहिले तर जेवण जात नाही. त्यापेक्षा वाचणाऱ्याच्या हातात पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे वाचताना लक्ष उडालं तिथे फक्त रेघ मार. कारण विचारू नका.

आणि हो, झोप, भूक, माणसं सगळंच नकोसं होऊन आठवडे लोटले असतील तर तो लिखाणाचा प्रश्न नाही. तिथे डॉक्टर किंवा समुपदेशक लागतो, लेखनाच्या युक्त्या नव्हे.

राहिलं डिलीट बटण. रात्री उशिरा, थकलेल्या डोक्याने, काहीही पुसू नका. फाइलच्या नावापुढे तारीख घाला आणि बाजूला ठेवा. एका रात्री मी सत्तर पानं उडवली होती. त्यांत एक बहिरा घड्याळजी होता. टिकटिक ऐकू येत नाही म्हणून तो घड्याळ दाताला लावून तपासायचा. माणूस अजून डोळ्यांपुढे येतो, पण त्याच्या तोंडचं एकही वाक्य आता आठवत नाही.