'घरी न्या, सेवा करा' म्हणायच्या आधी

आमच्याकडं मराठवाड्यात डॉक्टरनं हात टेकले की एकच ऐकू येतं, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही, अन् रात्री दोनला पेशंट कळवळायला लागला की घरचे नुसते उशाशी बसून राहतात. दवाखान्यात पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारी पेशंटचं दुखणं-त्रास कमी करायचे उपचार) चालू करायची म्हणजे ह्या रात्रीची सोय करायची, बाकी सगळं नंतर.

म्हणून वॉर्ड, रंगरंगोटी, उद्घाटन हे राहू द्या. आधी मॉर्फिन, म्हणजे जोराच्या दुखण्यावरचं अफूपासूनचं औषध. 2014 ला एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा बदलला तेव्हापासून मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन धरून सहा औषधांसाठी पहिल्यासारखी ढीगभर लायसन्सं लागत नाहीत, एफडीएकडून (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) मान्यताप्राप्त संस्था म्हणून मंजुरी घ्यायची, वेदनाशमनाचं ट्रेनिंग झालेला डॉक्टर दाखवायचा, माल कुलपात आणि गोळी न गोळी रजिस्टरला. फार्मासिस्टला पहिल्या मीटिंगपासून बसवा, नाहीतर तो भीतीनं ऑर्डरच टाकत नाही (त्याचंही चूक नाही म्हणा, चौकशी लागली तर निस्तरायचं त्यालाच). ट्रेनिंगसाठी तिरुअनंतपुरमच्या पॅलियम इंडिया ह्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स आहेत, डॉक्टरसोबत एका सिस्टरलाही बसवा.

मॉर्फिनची साधी गोळी चार-चार तासाला, घड्याळ बघून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून लिहा, हे राहिलं की संडासला होत नाही म्हणून पेशंट गोळीच सोडतो आणि नातेवाईक म्हणतात औषध बाधलं. "सवय लागंल का?" हे तर विचारणारच. दुखण्यासाठी मोजून दिलेली गोळी अन् नशा ह्यातला फरक समजवायला पंधरा मिनिटं जातात, ती ओपीडीच्या गर्दीत नाही मिळत, वेगळी खोली ठेवा.

गुटखा-तंबाखूमुळं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडं लई. जखमेचा वास येतो म्हणून नातवंडंसुद्धा जवळ येत नाहीत. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून ड्रेसिंगमधे टाकली की वास बराच कमी होतो, हे घरच्या माणसाला हातानं करून दाखवा.

घरभेटी आशाताईंना धरून ठरवा. बीडकडं दिवाळीच्या आसपास अर्धं गाव ऊसतोडीला जातं, घरी म्हातारी अन् पेशंट दोघंच उरतात, तेव्हा गोळी कोण देणार हे डिस्चार्जआधीच विचारा. आणि कार्डावर फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा, पण रात्री तो उचलणार कोण हे ठरवूनच.