घरची बाग पहिल्यांदाच करताय? या चुका टाळा

पान पिवळं पडलं की आपला हात आधी झारीकडे जातो. माझंही सुरुवातीला तसंच चालायचं. मिरचीच्या रोपाने मान टाकली की पाणी, पानं गळली की आणखी पाणी. शेवटी एक कुंडी आडवी करून माती अलगद बाहेर काढली, तर खालच्या अर्ध्या भागाला सांडपाण्यासारखा वास येत होता. मुळं तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर उरायची. मुळांनाही श्वासाला हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मूळ गुदमरतं, कुजतं आणि पाणी ओढेनासं होतं. मग चिंब मातीत उभं असलेलं रोप तहानलेलं दिसतं आणि आपण त्याला पुन्हा पाणी घालतो.

नव्या बागेतल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे: नीट पाहायच्या आधीच आपण काहीतरी करायला लागतो. पुढे जे सांगतोय त्यातल्या निम्म्या गोष्टी तर पहिलं रोप घरी येण्याआधीच करायच्या आहेत.

"इथे भरपूर ऊन येतं"

असं म्हणणाऱ्या किती जणांनी ते ऊन मोजलेलं असतं? एक सुटीचा दिवस काढा. कागदावर जागेचा कच्चा नकाशा काढा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी कुठे ऊन आहे, कुठे सावली आहे ते त्यावर मांडा. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी अशा फळभाज्यांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालक, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्या तीन-चार तासांवरही निभावून नेतात. चार तासांच्या उन्हात लावलेलं टोमॅटोचं रोप मरत नाही, नुसतं उंच वाढतं आणि फळ मात्र फारसं धरत नाही. माणूस बिचारा खत बदलत बसतो आणि दोष असतो जागेचा.

शिवाय आजचं ऊन सहा महिन्यांनी तिथेच असेल असंही नाही. वर्षभरात दुपारचा सूर्य उत्तर-दक्षिण सुमारे ४७ अंश सरकतो. त्यामुळे एका ऋतूत उन्हात न्हाणारा कोपरा दुसऱ्या ऋतूत भिंतीच्या सावलीत जाऊ शकतो. नकाशा काढताना तारीख लिहून ठेवा आणि ऋतू बदलला की पुन्हा एकदा काढा. उंच झाडं आणि वेलांचे मांडव उत्तर गोलार्धात वाफ्याच्या उत्तरेला ठेवावेत, म्हणजे त्यांची सावली बुटक्या रोपांवर पडत नाही. दक्षिण गोलार्धात याच्या उलट.

वाफ्याची रुंदी ठरवताना स्वतःच्या हाताची लांबी लक्षात घ्या. दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असेल तर सव्वा मीटरपेक्षा रुंद वाफा नको आणि भिंतीला लागून असेल तर ६० सेंटीमीटर पुरे. त्याहून रुंद केला तर तण काढायला आत पाय ठेवावा लागतो. पायाखाली माती दबते आणि दबलेल्या मातीत ना हवा खेळते ना पाणी मुरतं. मधली वाट मात्र अर्धा मीटर तरी हवी, नाहीतर रोपं वाढल्यावर तिथून पाण्याचं भांडं नेणंही जिकिरीचं होतं.

गच्चीवर किंवा बाल्कनीत बाग करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड ते दोन टन भरतं. पन्नास लिटरची एक भरलेली कुंडी म्हणजे एका मोठ्या माणसाइतका भार. अशा दहा-बारा कुंड्या एका कडेला रांगेने ठेवण्याआधी इमारतीची रचना जाणणाऱ्या माणसाला विचारलंच पाहिजे. ही गोष्ट अंदाजावर सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि पहिल्या वर्षी बाग लहानच ठेवा. सव्वा मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब असा एक वाफा, किंवा सात-आठ कुंड्या. यापेक्षा जास्त पसारा मांडला की तण आणि पाणी यांतच सगळा वेळ जातो आणि निरीक्षण करायला वेळ उरत नाही.

मातीचं आधी बघा

काचेच्या उंच बरणीत एक तृतीयांश माती घ्या, वर पाणी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि बरणी हलणार नाही अशा जागी ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. पोयट्याचा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा, थर एक-दोन तासांत बसतो. चिकणमातीला मात्र दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. थरांची जाडी पाहिली की आपल्या हातात काय आहे ते कळतं. निचरा पाहायचा असेल तर वीतभर रुंद आणि हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते मुरलं की पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजा. तासाला दोन ते पाच सेंटीमीटर म्हणजे उत्तम. पाणी दिवसभर तसंच राहिलं तर तिथे उंच वाफा करण्यावाचून गत्यंतर नाही.

चिकणमाती भुसभुशीत करायला तीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो मानू नका. थोड्या वाळूने ती माती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होऊ शकते. चिकणमाती सुधारते ती कंपोस्टने, पालापाचोळ्याने, हळूहळू. आणि ती खणायची असेल तर वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी होऊ द्या. मुठीत माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटला तर वाफसा आहे. नुसता खळगा पडला तर खुरपं बाजूला ठेवून दोन दिवस थांबा, कारण ओली चिकणमाती हलवली की ढेकळं बनतात आणि ती पुढे महिनोन्‌महिने फुटत नाहीत.

कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, ही समजूत तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते खड्यांच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओला थर खड्यांइतका वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. पटत नसेल तर घरातला स्पंज पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा. गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा: आणखी पाणी टपकायला लागेल. तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या थराची उंची जवळपास तेवढीच राहते. उभ्या स्पंजात त्याच्या वर जास्त भाग मोकळा होतो, एवढाच फरक. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडीत मुळं कोरड्यात राहतात. तळाला भोकं हवीत, त्यावर जाळीचा तुकडा हवा आणि पुढे वरपर्यंत मातीच हवी.

ताजं शेण थेट मुळाशी घालू नका. त्यातल्या अमोनियाने आणि क्षारांनी कोवळी मुळं करपतात आणि त्यातले रोगजंतू पालेभाज्यांवर येऊ शकतात. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळपट, मातीचा वास येणारं असावं. लाकडाचा भुसाही मातीत मिसळायचा नाही. तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलं नत्र (नायट्रोजन) स्वतःच वापरून टाकतात आणि रोपं पिवळी पडतात. वर आच्छादन म्हणून पसरला तर चालतो: पाच ते आठ सेंटीमीटर जाड आणि खोडापासून चार बोटं दूर.

रोप निवडताना आणि लावताना

फुलांनी लगडलेलं रोप उचलायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण फुलांवर ताकद खर्चून बसलेल्या रोपापेक्षा बसकं, दाट पानांचं, फुलं न आलेलं रोप नव्या जागी लवकर रुजतं. विकत घेण्याआधी विचारून कुंडीतून थोडं वर काढून मुळं पाहा. पांढरट, ताजी मुळं हवीत. मुळांनी कुंडीच्या आकाराचे वेढे घेतले असतील आणि ती तशीच जमिनीत गेली, तर त्यातली बरीचशी पुढेही गोलच फिरत राहतात. झाडाच्या बाबतीत ते वेढे काही वर्षांनी खोडाला फास लावतात. बोटांनी सोडवा, सुटत नसतील तर धारदार सुरीने मातीच्या गोळ्याला तीन-चार उभे काप द्या. हे करताना जिवावर येतं, पण कापलेल्या टोकांजवळून नवी मुळं बाहेर फुटतात.

रोप जेवढं कुंडीत गाडलेलं होतं तेवढंच जमिनीत गाडायचं. टोमॅटो हा अपवाद: त्याच्या खोडाला मुळं फुटतात, म्हणून खालची पानं काढून तो खोल लावला तरी चालतो. कलमी झाडाचा जोड मात्र मातीच्या वर राहिला पाहिजे, एरवी वरच्या कलमालाच मुळं फुटून खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलं त्याचा, फायदा जातो. मोठ्या झाडाचा बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत मिसळतो ती जागा डोळ्यांना दिसली पाहिजे. सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात आणलं तर पानांवर पांढुरके चट्टे पडतात. सात ते दहा दिवस रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्यावं.

दोन रोपांमधलं अंतर पूर्ण वाढलेल्या रोपाच्या घेराप्रमाणे ठरवा, आजच्या घेराप्रमाणे नव्हे. सुरुवातीला वाफा रिकामा दिसेल, दिसू द्या. दाटीत हवा खेळत नाही, पानं ओली राहतात आणि बुरशीजन्य रोग येतात. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावं. उगवल्यावर विरळणी करताना जास्तीची रोपं उपटण्यापेक्षा कात्रीने जमिनीलगत कापावीत, शेजारच्याची मुळं दुखावत नाहीत. पुदिना कुंडीतच लावा, जमिनीत गेला की तो सगळा वाफा काबीज करतो.

बिघडलं असेल तर आधी काय पाहायचं

रोज थोडं थोडं शिंपडल्याने फक्त वरची माती ओली होते आणि मुळं तिथेच घुटमळतात. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर सकाळी, मुळाशी, सावकाश आणि भरपूर पाणी द्या. भोपळ्यासारखी मोठ्या पानांची रोपं भर दुपारी ओल्या मातीतही माना टाकतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. सकाळी कोमेजलेली दिसली तर काळजी करा. माती अगदी सुकून कुंडीपासून सुटली असेल तर वरून घातलेलं पाणी कडेने निसटून जातं. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवावी.

पानं पिवळी पडत असतील तर आधी कोणती, ते पाहा. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. रोप ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, कारण ते जुन्या पानांतून हलत नाही. अशा वेळी अनेकदा मातीत लोह असतंच, पण माती जास्त अल्कधर्मी असल्यामुळे किंवा मुळं पाण्यात बुडाल्यामुळे रोपाला ते घेता येत नाही. म्हणजे दोन्हींना "पान पिवळं" म्हणायचं आणि उपाय अगदी वेगळे.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग आला तर तो रोग नाही. फळाला कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कधी कोरडं, कधी चिंब असं पाणी देणं. पाण्यात सातत्य आणा, आच्छादन घाला. पानं गर्द हिरवी पण फुलंच नाहीत? नत्र जास्त झालं. काकडी-भोपळ्याची पहिली फुलं गळतात, कारण ती नर फुलं असतात. मागे छोटं फळ असलेलं मादी फूल उमललं आणि मधमाश्या दिसत नसतील, तर सकाळीच नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी टेकवा. कोवळी रोपं लांबोडकी होऊन एका बाजूला झुकली तर प्रकाश कमी आहे. ती मातीलगत बारीक होऊन कोलमडली तर मर रोग आहे: पाणी कमी करा, हवा खेळू द्या आणि पुढच्या वेळी भांडं धुऊन, नवी माती घेऊन पेरा.

मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसल्या दिसल्या औषध फवारू नका. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला तरी बराचसा मावा झडतो. त्यातच काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या आकाराची बारीक अळी दिसली तर तिला चिरडू नका. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असते आणि मावाच खाते.

उपाय लागू पडतोय का, हे पाहताना पिवळ्या किंवा करपलेल्या पानांकडे बघत बसू नका, त्यातली बरीचशी पुन्हा हिरवी होत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला, शेंड्याजवळ लोकरीचा धागा बांधा आणि पंधरा दिवस थांबा. धाग्याच्या वर निघालेलं पान आकाराने पूर्ण आणि हिरवं असेल, तर जे करताय ते चालू ठेवा.