गाडीचा विमा निवडताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की चिपळूण-खेड भागातील गाडीमालक दोन-तीन कोटेशने घेऊन माझ्याकडे येतात आणि हप्त्याचा आकडा तेवढा दाखवतात. कायद्याने सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा दर सर्व कंपन्यांत जवळपास सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी हा दर, कर वगळून, वर्षाला ३,४१६ रुपये आहे. त्यातून दुसऱ्याचे नुकसान भरून निघते, स्वतःच्या गाडीवर माड कोसळला तर काहीही मिळत नाही. तुलना करायची ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाची.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीबरोबर स्वतःच्या गाडीचेही नुकसान भरणारा विमा घेतला की इंजिनही सुरक्षित झाले, असे मानणे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी घाईने चावी फिरवली, आत साचलेल्या पाण्याने इंजिन जागीच अडकले आणि कनेक्टिंग रॉड वाकले. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरने सीट आणि वायरिंगचा खर्च मंजूर केला, पण इंजिनाचे नुकसान पुरामुळे नव्हे, तर गाडी सुरू केल्यामुळे झाले, असे सांगून तो भाग नाकारला. इंजिन प्रोटेक्शनचे कव्हर त्यांनी थोड्या पैशांसाठी सोडले होते. नदीकाठी किंवा खाडीकाठी राहणाऱ्याने ते घ्यावेच, असे माझे ठाम मत आहे. तरीही गाडी बुडाली तर चावीला हात न लावता फोटो काढून कंपनीला कळवावे आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्यावी.

मोबाइलवर पाच मिनिटांत पॉलिसी उरकणारे नवशिके आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, खाली ओढून हप्ता कमी करतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, धरली जाते आणि भरपाई त्याच आकड्यावर ठरते, हे त्यांच्या गावीही नसते. म्हणून मी सर्व कोटेशने आधी एकाच आयडीव्हीवर आणून मगच हप्ते शेजारी मांडतो.

झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारे कव्हर, नसेल तर प्लॅस्टिकच्या बंपरची निम्मी किंमत खिशातून जाते. खाऱ्या हवेने चढणारा गंज कोणत्याही कव्हरमध्ये बसत नाही. मुदत संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, बुडतो, म्हणून नूतनीकरण मी पंधरा दिवस आधीच करायला लावतो.